प्रत माहितीसाठी

आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात हिशेब, मधल्या कप्प्यात पार्किंगची भांडणं आणि खालच्या कप्प्यात गळती. नाशिकच्या इंदिरानगरातल्या चोवीस कुटुंबांचं सगळं सहजीवन या तीन कप्प्यांत मावतं.

मी या सोसायटीचा मानद सचिव. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत अध्यक्षांनी विचारलं, "सचिवपदासाठी कोण उभं राहतंय?" आणि नेमका त्याच क्षणी मी समोसा घ्यायला उभा राहिलो. उभा राहिलेला मी एकटाच होतो. टाळ्या वाजल्या, इतिवृत्तात 'बिनविरोध' असा शब्द पडला आणि समोसा गार झाला.

सचिव झाल्यापासून मला माणसांची नावं आठवेनाशी झाली आहेत. मला फ्लॅट दिसतात. १०२ म्हणजे थकबाकी, ४०१ म्हणजे गच्चीची किल्ली, २०६ म्हणजे कुत्रा. ही गोष्ट २०४ आणि ३०४ची आहे. त्यांची नावं मी सांगणार नाही. एकतर ते त्यांना आवडणार नाही आणि दुसरं म्हणजे मला अजूनही ती आधी आकड्यांतच आठवतात.

२०४ मधले साहेब जलसंपदा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. वय एकोणसाठ. लग्न केलेलं नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात ते कालव्याच्या साइटवर, पत्र्याच्या खोलीत राहत आणि मुलीकडचे लोक तो पत्रा बघूनच परत जात. बरोब्बर त्यांच्या डोक्यावर, ३०४ मध्ये, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखाधिकारी मॅडम राहतात. वय चोपन्न. यजमान अकरा वर्षांपूर्वी गेले. मुलगी पुण्यात, हिंजवडीला. तीन वर्षं ही दोन माणसं एकमेकांच्या वर-खाली राहत होती आणि जिन्यात एकमेकांना वाट देण्यापलीकडे त्यांचा काही व्यवहार नव्हता.

मग ओल आली.

गेल्या वर्षीच्या १० जुलैला माझ्या दाराखालून एक कागद सरकला. तो मूळ कागद नव्हता, प्रत होती.

'विषय : आपल्या स्नानगृहातून माझ्या सदनिकेत होणाऱ्या गळतीबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, माझ्या शयनगृहाच्या छताच्या ईशान्य कोपऱ्यात ओल निदर्शनास आली असून आज सकाळी ७ वाजता तिचा विस्तार ३२ सें.मी. बाय १८ सें.मी. इतका होता. तरी आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.' आणि तळाशी डावीकडे : 'प्रत माहितीसाठी : मा. सचिव.'

मी वर जाऊन पाहिलं. साहेबांनी शिडीवर चढून ओलीभोवती पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती आणि रेघेला तारीख घातली होती. आम्ही नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं सांगितलं की गावाला सगळं कळतं. साहेबांनी छतावर तसाच एक खासगी मारुती उभा केला होता.

सोसायटीच्या उपविधींत गळतीचे दोन प्रकार आहेत. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून पाणी येत असेल तर खर्च सोसायटीचा. एका सभासदाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात येत असेल तर ती त्या दोघांमधली बाब, त्यांनी ती आपसात मिटवावी. सचिव कुठलाही असो, त्याला दुसरा प्रकार मनापासून आवडतो. मी पत्रावर 'आपसात' असा शेरा मारला आणि फाईल उघडली. साहेबांनीच मला पूर्वी सरकारी दप्तराचं वर्गीकरण शिकवलं होतं : 'अ' वर्ग म्हणजे कायम जतन, मग 'ब', मग 'क', आणि 'ड' म्हणजे वर्षभरानं रद्दीत. "असल्या तक्रारी 'ड'मध्ये टाका," असा सल्ला त्यांनीच दिला. मी फाईलच्या कव्हरवर ठसठशीत 'ड' काढला.

तीन दिवसांनी उत्तराची प्रत आली.

'आपले पत्र पोचले. मजकूर अवगत झाला. आपल्या छतावर ओल आहे याबाबत दुमत नाही. ती माझ्या स्नानगृहातून येते याचा पुरावा पत्रासोबत जोडलेला नाही. सबब दावा तूर्त मान्य करता येत नाही. छायाचित्रे दोन प्रतींत सादर करावीत.' सहीखाली सवयीनं कर्मचारी क्रमांकही पडला होता.

मला तर हे वाचून फार बरं वाटलं. आमच्या सोसायटीत तक्रार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे सव्वापाचला पाठवलेला लाल तोंडाचा बाहुला. इथं विषय होता, संदर्भ होता, सहपत्रं होती. सरकारी खातं आणि बँक या दोन थोर घराण्यांची जणू सोयरीकच चालली होती. अर्थात, तेव्हा हा शब्द मी उपमा म्हणून वापरत होतो.

आमच्या घरीही या पत्रांची गोडी लागली. मी संध्याकाळी आलो की बायको विचारायची, "आज माहितीसाठी काही आलं का?" तिसरं पत्र छायाचित्रांचं होतं. चौथ्यात साहेबांनी रंगकामाचं अंदाजपत्रक जोडलं. पाचवं पत्र मॅडमचं. त्यात एक वाक्य होतं, जे मी वाचून पुढे गेलो आणि बायकोनं मात्र बोट ठेवून थांबवलं : 'आपल्या अंदाजपत्रकातील बेरीज ₹३०० ने कमी झाली आहे. दुरुस्त करून घ्यावी.'

"अहो, पैसे कुणी द्यायचेत?"

"त्यांनीच. म्हणजे, गळती सिद्ध झाली तर."

"मग स्वतःच्या अंगावरचा आकडा बाई वाढवून का देतायत?"

"बँकेतल्या आहेत. चुकीची बेरीज बघवत नसेल."

"असेल," ती म्हणाली. पण तिनं ते पत्र फाईलमध्ये घालण्याआधी आणखी एकदा वाचलं.

त्यानंतर 'संयुक्त पाहणी' झाली. तिचा अहवाल फाईलमध्ये पान नऊवर आहे. त्यात चार मुद्दे आहेत. पहिला छताच्या कोपऱ्याचा, दुसरा वरच्या मोरीच्या फरशीचा, तिसरा दोन्हींमधल्या अंतराचा. चौथा असा : 'पाहणीदरम्यान चहा घेण्यात आला.' आठवड्यानं दुसरी पाहणी झाली. ओलीबद्दल तिच्यात नवं काही नव्हतं, चौथा मुद्दा मात्र वाढला होता : 'पाहणीदरम्यान चहा घेण्यात आला. सोबत चिवडा होता. चहात आले थोडे अधिक चालेल, असे उभयतांचे मत पडले.' खाली दोघांच्या सह्या. सरकारी अहवालात आल्याबद्दल एकमत झाल्याचं हे माझ्या पाहण्यातलं पहिलंच उदाहरण.

मग प्लंबर आला. हा आमच्या भागातला जुना माणूस. कमी बोलतो, रुपयाचं नाणं फरशीवर वाजवत फिरतो. फरशी खणखण वाजली तर पुढे सरकतो, बद्द वाजली तर तिथं खडूनं फुली मारतो. मोरीतलं पाणी जिथून खाली जातं त्या भांड्याला तो 'नहाणी ट्रॅप' म्हणतो. आपली साधी न्हाणी देशभरच्या बांधकामाच्या पुस्तकांत इंग्रजी शेपूट लावून बसली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सगळं वाजवून झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, "साहेब, एक सांगू? पाणी दिसतं तिथून येत नसतं. ते शिरतं एकीकडं, हिंडतं दुसरीकडं आणि उगवतं तिसरीकडं."

त्यावर उपाय म्हणजे चाचणी. नहाणी ट्रॅपला फडकं कोंबायचं, मोरीत दोन इंच पाणी तुंबवायचं, भिंतीवर खडूनं पातळी आखायची आणि अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. पाणी उतरलं आणि खालची ओल वाढली, तर मोरी दोषी.

आता अडचण अशी की आमची इमारत १९९६ची, एका बेडरूमची. मोरी एकच. ती दोन दिवस तळं झाली तर मॅडमनी अंघोळ कुठं करायची? याचं उत्तर पत्र क्रमांक आठमध्ये आहे आणि मला विचाराल तर मराठी पत्रवाङ्मयात त्याला जागा मिळायला हरकत नाही. 'चाचणी कालावधीत आपली गैरसोय होऊ नये म्हणून माझे स्नानगृह आपणास उपलब्ध राहील. मी रोज सकाळी ६ ते ७.१५ या वेळेत फिरावयास जातो. गीझर ५.४५ला चालू करून ठेवीन. सोबत घराची चावी जोडली आहे. पोच द्यावी.'

चावीची पोच आली. चावी परत केल्याची नोंद फाईलमध्ये कुठेही नाही.

चाचणीच्या निष्कर्षाचीही प्रत आली. एकाच शब्दाची : 'अनिर्णित.' पुढे कंसात : 'निरीक्षण चालू ठेवावे.' मला तेव्हा संशय यायला हवा होता. पाणी उतरतं किंवा उतरत नाही. तळ्याला अनिर्णित राहता येत नाही. पण अनिर्णित म्हणजे 'आपसात'च्या घरातलं, म्हणजे सोसायटीचा खर्च शून्य. मी आनंदानं फाईल लावून टाकली.

आणि मग आलं पत्र क्रमांक नऊ.

पहिले दोन परिच्छेद नेहमीचे. तिसऱ्या परिच्छेदात साहेब एकाएकी गंगापूर धरणावर गेले होते. 'या निमित्ताने नमूद करावेसे वाटते की, मातीचे धरण पूर्ण कोरडे कधीच नसते. त्याच्या पोटातून थोडे पाणी सतत पाझरत असते व ते पाझरावेच लागते. ते अडवले तर धरणाला धोका. म्हणून धरणाच्या पायथ्याशी त्यास वाट करून दिलेली असते. वाटेवर व्ही आकाराची खाच असलेली एक पट्टी बसवतात आणि खाचेतून किती पाणी जाते ते रोज मोजतात. पाणी नितळ असेल तर धरण सुखरूप. गढूळ आले तर ते पोटातली माती घेऊन येत आहे असे समजावे व त्या रात्री झोपू नये. मी तेहतीस वर्षांत अशा काही रात्री जागलो आहे. नितळ पाण्याकडे नुसते बघत बसलो, अशा संध्याकाळी त्याहून पुष्कळ जास्त आहेत.'

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. एरवी तीन दिवस लागत. 'आपल्या पत्रातील परिच्छेद ३ प्रस्तुत विषयाशी सुसंगत नाही. तथापि तो दोनदा वाचला.'

बायकोनं हे वाचलं आणि काही न बोलता चहा टाकला. चहात आलं नेहमीपेक्षा जास्त होतं.

अकरावं पत्र दोघांच्या सहीचं होतं. 'परवानगी घेऊन गंगापूर धरण परिसरात क्षेत्रभेट देण्यात आली. पाझर नितळ आहे.' एवढंच. आणि त्यानंतर माझ्या दाराखालून कागद सरकायचे बंद झाले.

पहिला आठवडा मी वाट पाहिली. दुसऱ्या आठवड्यात पायपुसणं उचलून पाहिलं. प्रती येत नाहीत म्हणजे एकतर भांडण कोर्टात गेलं, नाहीतर मिटलं, असं माझं सचिवी तर्कशास्त्र. तिसरीही शक्यता असते. माणसं बोलायला लागली की पत्रं थांबतात, आणि जे बोलायचं ते तिसऱ्याच्या माहितीसाठी नसलं की प्रती थांबतात. ही शक्यता बायकोला पाचव्या पत्रालाच दिसली होती. मला ती ऑक्टोबरात दिसली.

त्या रिकाम्या आठवड्यांत मी बराच विचार केला. मराठी माणसाला घराच्या भिंती कोरड्या लागतात आणि माणसं ओली. भिंतीला ओल आली की आपण प्लंबर बोलावतो आणि माणसात ओलावा नसला की त्याला कोरडा म्हणून सोडून देतो. प्रेमासाठी आपल्याकडे जे जे खास शब्द आहेत ते बघा, सगळे पाण्याच्या खात्यातले आहेत. मनाला पाझर फुटतो. मायेचा उमाळा येतो. विहिरीच्या तळाशी जिवंत झरा असला तर त्यालाही जिव्हाळाच म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत प्रेम आकाशातून पडत नाही आणि बाणासारखं येऊन लागतही नाही. ते झिरपतं, आणि झिरपलं हे कळतं तेव्हा आतून बरंच काही भिजून गेलेलं असतं.

याउलट लग्न जमवण्याचे आपले सगळे मार्ग वॉटरप्रूफिंगसारखे. कुठूनही काही आत शिरू नये, याची काळजी आधी. साहेबांची पत्रिका तरुणपणी किती घरं हिंडली याचा त्यांनी हिशेब ठेवला आहे (एकेचाळीस). गुणमेलनात एकूण छत्तीस गुण असतात, त्यातले आठ एकट्या नाडीचे. मुलामुलीची नाडी एकच निघाली की आठही गेले आणि स्थळही गेलं. दोन चांगली स्थळं त्यांनी एकनाडीवर गमावली. आणि आता पाहावं तर काय, २०४ आणि ३०४ची सांडपाण्याची नळी एकच! याहून मोठी एकनाड कुठल्या ज्योतिषानं पाहिली असेल?

मॅडमच्या मुलीनं आईचं नाव पुनर्विवाहाच्या एका संकेतस्थळावर घातलं होतं. तिथं उंची, उत्पन्न, पोटजात, शाकाहार, चष्मा, सगळ्यांना रकाने होते. तीनशे किलोमीटरच्या परिघातली स्थळं ते दाखवत असे. दहा फूट खाली काय आहे, हे विचारायला त्यात रकाना नव्हता. त्या संकेतस्थळाला मी दोष देत नाही. तीन वर्षं जिन्यात भेटूनही जे त्या दोघांना दिसलं नाही, ते बिचाऱ्या यंत्राला काय दिसणार?

ऑक्टोबरच्या एका रविवारी मी फाईल काखोटीला मारून २०४ची बेल वाजवली. निमित्त होतं लेखापरीक्षणाचं. साहेब घरात होते. मी सरळ बेडरूममध्ये जाऊन छताकडे पाहिलं. पेन्सिलीच्या रेघा एकाबाहेर एक पसरल्या होत्या, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, आणि प्रत्येकीला तारीख. मी तारखा वाचत गेलो. जुलैतल्या मुसळधार आठवड्यात रेघ हातभर सरकलेली. ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली तेव्हा ती जागच्या जागी. चाचणीचे अठ्ठेचाळीस तास नेमके त्या उघडिपीतले. डोक्यावर दोन इंच पाण्याचं तळं असताना ओल केसभरही हललेली नव्हती. मग सप्टेंबरात परत पाऊस आणि परत रेघ पुढे.

शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ओल मोरीची नव्हतीच, पावसाची होती.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर, पावसाच्या पाइपाला चिकटून, प्लास्टरच्या भेगेतून एक पिंपळ उगवला होता. चांगला हातभर. कोवळ्या तांबूस पानांची सळसळ करत तो माझ्याकडेच बघत होता. पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलं की भेग रुंदावते, त्या भेगेतून पावसाचं पाणी आत येतं, भिंतीतून फिरत फिरत छताच्या कोपऱ्याशी उगवतं. पाणी दिसतं तिथून येत नसतं. बाहेरची भिंत म्हणजे सोसायटीची जबाबदारी. म्हणजे माझी. चार महिने ज्या गळतीची मी 'आपसात' म्हणून मजा बघत होतो, तिचा खरा आरोपी मीच होतो.

"साहेब," मी डोकं आत घेत म्हणालो, "तेहतीस वर्षं तुम्ही पाझर मोजलेत. महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळापासून गळण्यासाठीच बांधलेले पाझर तलाव आहेत, त्यांतले काही तुमच्या हाताखालून गेले असतील. आणि तुम्हाला ही पावसाची ओल ओळखू आली नाही?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "निरीक्षणाचा कालावधी अपुरा होता," ते म्हणाले. "म्हटलं, एक अख्खा पावसाळा बघावा."

"आणि मॅडमना?"

तेवढ्यात बाहेरच्या दाराचं लॅच फिरलं. बेल नाही, कडी नाही, सरळ चावी. मॅडम आत आल्या, हातात झाकलेलं पातेलं. मला पाहून क्षणभर थबकल्या, मग फडकं सारखं करत पातेलं ओट्यावर ठेवलं. माझ्या नजरेचा रोख चावीकडे आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"ती परत करायची राहिली," त्या म्हणाल्या.

"नोंद नाही फाईलला," मी म्हणालो.

"करू नका." आणि मग खिडकीकडे मान वळवून, अगदी शाखाधिकाऱ्याच्या आवाजात, "पिंपळ काढून घ्या हं सचिव. पण तशी घाई नाही."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. बहुधा त्या 'अनिर्णित' शब्दापासून. गळती सोसायटीची आहे असं दोघांपैकी कुणी एकानं लिहिलं असतं तर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यांना माझ्याशी करावा लागला असता. त्यापेक्षा तिघांनीही न कळणं पत्करलं होतं. दोघांनी समजून आणि मी न समजता.

पिंपळावर मुंजा राहतो, असं आमची आजी सांगायची. लग्नाआधी गेलेला, म्हणून पिंपळावर बसून राहिलेला. आमच्या पिंपळानं बरोबर उलटं केलं. एकोणसाठ वर्षांच्या मुंज्याला खाली उतरवून बोहल्यावर नेलं. तो काढायला माणूस आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मुळासकट जपून काढ. आता तो गोदेच्या काठी आहे. तिथं त्याला कुणाची भिंत नाही.

जानेवारीत पुन्हा एकदा दाराखालून कागद सरकला. या वेळी प्रत नव्हती, मूळ अर्ज होता, मलाच उद्देशून. 'विषय : सदनिका क्र. २०४ व ३०४ करिता परस्परांस सहयोगी सभासद करून घेणेबाबत.' सहपत्र : विवाहाच्या नोटिशीची प्रत. आमच्या सोसायटीत गेल्या अठ्ठावीस वर्षांत एवढ्या कोरड्या भाषेत एवढी ओली बातमी कुणी दिली नसेल.

त्यांनी विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं. १९५४चा हा कायदा माझ्या मते खास या दोघांसाठीच लिहिला गेला आहे. त्यात विहित नमुना आहे, सूचना फलक आहे, हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत आहे. मला एकच धाकधूक होती. सूचना फलकावर लागलेल्या कागदावर हरकत न घेणं आमच्या सभासदांच्या रक्तात नाही. पण तो फलक विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीतला होता, जिन्याखालचा नव्हता. तीस दिवस सुखरूप पार पडले. मॅडम मुलीला म्हणाल्या म्हणे, "मोरीची चाचणी अठ्ठेचाळीस तासांची, लग्नाची सातशेवीस. बरोबरच आहे."

साक्षीदार तीन लागतात. एक त्यांची मुलगी, एक मी आणि तिसरा प्लंबर. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. सही करण्याआधी त्यानं सवयीनं टेबलावर बोटानं टकटक करून पाहिलं. खणखण वाजलं. मग सही केली.

कचेरीबाहेर पेढे वाटताना मॅडम हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्जखातं अनुत्पादक ठरतं. माझं खातं अकरा वर्षं तसंच होतं हो. मी स्वतःच वहीत तसा शेरा मारून ठेवला होता." साहेबांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातून आपल्या हातात घेतला, एवढंच. तेहतीस वर्षं नितळ पाणी बघत बसणारा माणूस. त्याला आणखी काय बोलता येणार?

आता दोघं ३०४ मध्ये राहतात. २०४ मध्ये साहेबांची पुस्तकं, नकाशे आणि मॅडमच्या बँकेतल्या मैत्रिणींची भिशी असते. भिंतीची भेग आम्ही बुजवली. खर्च सोसायटीचा. रंगकामाचे पैसे द्यायला गेलो तर साहेबांनी जुनं अंदाजपत्रक काढून दिलं. ते ₹३०० दुरुस्त केलेलं.

गेल्या आठवड्यात कपाट आवरायला काढलं. गळतीच्या फाईलला वर्ष होऊन गेलं होतं, 'ड' वर्ग, नियमानं रद्दीत जायला हवी. मी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. शेवटी सल्ला विचारायला म्हणून ३०४ मध्ये देऊन आलो. "बघून ठेवतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल दाराशी होती. आतली पानं जिथल्या तिथं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कव्हरवरचा माझा ठसठशीत 'ड' मात्र एका आडव्या रेघेनं खोडला होता आणि शेजारी 'अ' काढला होता. आणि खाडाखोडीला लागून, धनादेशावर पूर्वी करायला लावत तशा, दोघांच्या पूर्ण सह्या होत्या.